एकच चुना, पाच अभिक्रिया: शाळकरी मुलांना रसायनशास्त्र समजावताना

'आम्ल आणि आम्लारी यांची अभिक्रिया झाली की क्षार आणि पाणी तयार होतं.' मराठी माध्यमाच्या मुलाने पेपरात हे वाक्य लिहिलं तर गुण पूर्ण. तेच वाक्य इंदूर किंवा ग्वाल्हेरच्या हिंदी माध्यमातल्या मुलाने, आजोबांनी घरी शिकवलं तसं लिहिलं, तर उत्तर चूक. हिंदीत 'क्षार' म्हणजे पाण्यात विरघळणारा आम्लारी. मराठी पुस्तक त्याला 'अल्क' म्हणतं. आणि मराठी पुस्तक ज्याला क्षार म्हणतं, त्याला हिंदीत 'लवण' म्हणतात.

मुलाला विज्ञान येत नाही असं नाही. शब्दाने दगा दिला, एवढंच. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत हे नेहमीचं आहे. आई-वडील मराठीतून शिकलेले, मुलाचं पुस्तक कन्नड, हिंदी, गुजराती नाहीतर इंग्रजी. गोव्यात चौथीपर्यंत मराठी आणि पुढे इंग्रजी, बेळगावात दहावीपर्यंत मराठी आणि पुढे एकदम इंग्रजी, असे प्रवास अनेक मुलं करतात. मग सातवी-आठवीत 'रासायनिक अभिक्रिया' आली की पालक म्हणतात, 'आमच्या वेळचं वेगळं होतं बाबा.' खरं तर वेगळं काहीच नसतं. फक्त नावं वेगळी असतात.

नावांकडे शेवटी येऊ. आधी वस्तू हातात घेऊ. पाच प्रकारांसाठी पाच वेगळी उदाहरणं पाठ करायची गरज नाही. पानाच्या डब्यातला, भिंतीवरचा, द्राक्षबागेतला साधा चुना सगळं दाखवतो.

पदार्थ बदलला की फक्त रूप?

देवघरातली कापराची वडी उघडी राहिली तर काही दिवसांत उडून जाते. तीच वडी पेटवली तरी नाहीशी होते. दोन्ही वेळा कापूर गेलाच. मग फरक काय?

पहिल्या वेळी कापूर कापूरच राहिला, फक्त घनरूपातून वायुरूपात गेला. खोलीभर वास येतो तो त्याचाच. हा भौतिक बदल. दुसऱ्या वेळी कापराचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि काजळी तयार झाली. त्यात कापूर उरलाच नाही. हा रासायनिक बदल. तो ज्या क्रियेने होतो ती रासायनिक अभिक्रिया.

अभिक्रियेत जे पदार्थ आत जातात ते अभिकारक, जे तयार होऊन बाहेर पडतात ते उत्पादित. रंग बदलणं, बुडबुडे येणं, तळाशी साका बसणं, गरम किंवा गार होणं, या अभिक्रियेच्या खुणा. पण नुसत्या खुणेवर भरवसा ठेवू नये. पाणी उकळतानाही बुडबुडे येतात, तिथे नवीन काही तयार होत नाही. म्हणून प्रश्न एकच विचारायचा: आधी नव्हता असा पदार्थ तयार झाला का?

भट्टीतली चुनखडी: अपघटन

चुना जमिनीत तयार मिळत नाही. मिळते ती चुनखडी, म्हणजे कॅल्शिअम कार्बोनेट. गोव्याच्या किनाऱ्यावर पूर्वी शिंपले भाजून चुना करत. शिंपल्याचं कवचही मुख्यतः कॅल्शिअम कार्बोनेटचंच असतं. चुनखडी भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापली की तिचे दोन भाग होतात.

कॅल्शिअम कार्बोनेट → कॅल्शिअम ऑक्साइड + कार्बन डायऑक्साइड

वायू हवेत निघून जातो, भट्टीत उरतो तो कळीचा चुना. एकाचे दोन झाले. एकच अभिकारक फुटून दोन किंवा जास्त पदार्थ मिळतात, त्या अभिक्रियेला अपघटन म्हणतात.

भट्टीला सतत इंधन लागतं, कारण ही अभिक्रिया उष्णता खाते. अशा अभिक्रियेला ऊष्माग्राही म्हणतात. जाळ थांबला की अपघटनही थांबतं.

घरातलं उदाहरण हवं असेल तर बोअरचं पाणी तापवणारा हीटर पाहा. कॉइलवर पांढरा कडक थर बसतो. पाण्यात विरघळलेल्या कॅल्शिअम बायकार्बोनेटचं उष्णतेने अपघटन होऊन तो थर तयार होतो. तो थर म्हणजे पुन्हा कॅल्शिअम कार्बोनेट, आपली चुनखडीच.

पाणी पडलं की फसफसणारा चुना: संयोग

जुन्या घरांच्या अंगणात बांधकामाआधी चुना भिजवायचे. कळीचे खडे पाण्यात पडले की फसफसायचे, वाफा निघायच्या, खाली आग नसताना पाणी उकळायला लागायचं. लहान पोरांना त्या खड्ड्याजवळ कोणी फिरकू देत नसे आणि ते बरोबरच होतं.

कॅल्शिअम ऑक्साइड + पाणी → कॅल्शिअम हायड्रॉक्साइड + उष्णता

दोन पदार्थ एकत्र येऊन एकच पदार्थ झाला. हा संयोग. भट्टीत जे घडलं त्याच्या उलट दिशेचा प्रकार. इथे उष्णता बाहेर पडते, म्हणून ही ऊष्मादायी अभिक्रिया.

इथे मुलं एक चूक हमखास करतात. 'अपघटन म्हणजे ऊष्माग्राही आणि संयोग म्हणजे ऊष्मादायी' असं पाठ करून ठेवतात. बऱ्याचदा तसं असतं, पण तो नियम नाही. प्रकार ठरतो कोण कोणाशी जोडलं गेलं किंवा तुटलं यावरून. उष्णता आत गेली की बाहेर आली, ही वेगळी नोंद.

वडोदऱ्याच्या खत कारखान्यात अमोनिया तयार होतो, तोही संयोगच. हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्यापासून एकच पदार्थ, अमोनिया. तो पुढे युरियासारख्या खतांत जातो. अंगणातला चुन्याचा खड्डा आणि एवढा मोठा कारखाना, दोन्ही एकाच खान्यात बसतात.

भिंतीवर सुकतो तेव्हा: हिशेब जुळतो

भिंतीला चुना मारला की पहिल्या दिवशी तो ओला आणि फिका दिसतो. दोन-तीन दिवसांनी भिंत पांढरीशुभ्र होते आणि हात लावला तरी पूर्वीइतकी पूड निघत नाही. पाणी सुकलं, हे अर्धंच कारण. चुन्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतला, हे उरलेलं कारण.

कॅल्शिअम हायड्रॉक्साइड + कार्बन डायऑक्साइड → कॅल्शिअम कार्बोनेट + पाणी

म्हणजे भिंतीवर परत चुनखडीच तयार झाली! खाणीतून निघालेला दगड भट्टी, खड्डा आणि बालदी असा फिरून भिंतीवर पुन्हा दगड झाला. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधासारखी होते, ती अभिक्रियाही हीच.

आता वजनाचा हिशेब मांडून पाहा. शुद्ध चुनखडी १०० किलो घेतली तर भट्टीतून ५६ किलो कळीचा चुना मिळतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या ५६ किलोला १८ किलो पाणी जोडलं गेलं की ७४ किलो भिजवलेला चुना होतो. भिंतीवर तो ७४ किलो चुना हवेतून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि १०० किलो चुनखडी व १८ किलो पाणी देतो.

दुकानाच्या वहीत जमा आणि नावे जुळली पाहिजेत, तसं अभिक्रियेत दोन्ही बाजूंचं वजन जुळलंच पाहिजे. कारण अणू नवे जन्मत नाहीत आणि नष्टही होत नाहीत, फक्त जागा बदलतात. फ्रान्सच्या लाव्हाझिए यांनी १७८९ च्या आपल्या ग्रंथात हा वस्तुमान अक्षय्यतेचा नियम ठामपणे मांडला. 'समीकरण संतुलित करा' या प्रश्नाला मुलं घाबरतात, पण त्या प्रश्नात मागितलेलं असतं ते एवढंच: डावीकडे जितके अणू, तितकेच उजवीकडे दाखवा.

द्राक्षबागेतला निळा द्राव: दुहेरी विस्थापन

अथणी, विजयपूर, सांगलीकडच्या द्राक्षबागांत आणि गोवा-कारवार पट्ट्यातल्या सुपारीच्या कुळागरांत बोर्डो मिश्रण ओळखीचं आहे. द्राक्षावरचा केवडा आणि सुपारीवरचा कोळेरोग यांच्यासाठी ते फवारतात. फ्रान्समधल्या बोर्डो भागातल्या द्राक्षमळ्यांवरून हे नाव पडलं. मिलार्दे या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये त्याचा उपयोग प्रसिद्ध केला.

एक टक्क्याच्या मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी लागतं. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. दोन्ही वेगवेगळ्या पाण्यात कालवून मग एकत्र करतात. सोप्या रूपात अभिक्रिया अशी:

कॉपर सल्फेट + कॅल्शिअम हायड्रॉक्साइड → कॉपर हायड्रॉक्साइड + कॅल्शिअम सल्फेट

आधी तांबं सल्फेटबरोबर होतं आणि कॅल्शिअम हायड्रॉक्साइडबरोबर. नंतर जोड्या बदलल्या. दोन्ही बाजूंनी अदलाबदल झाली म्हणून हे दुहेरी विस्थापन. पारदर्शक निळं पाणी गढूळ आकाशी होतं, कारण तयार झालेला तांब्याचा पदार्थ पाण्यात विरघळत नाही. अशा न विरघळणाऱ्या साक्याला अवक्षेप म्हणतात. पानावर बसतो आणि पावसात सहज धुऊन जात नाही, तो हाच.

विळ्याचं पातं बुडवून पाहतात, ते का? विस्थापन

मिश्रण तयार झालं की जुने बागायतदार लोखंडी विळ्याचं किंवा सुरीचं स्वच्छ पातं त्यात थोडा वेळ बुडवतात. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला असं समजून आणखी चुना घालतात. थर आला नाही तर फवारणीला हरकत नाही.

ही प्रयोगशाळेतलीच परीक्षा आहे. चुना कमी पडला तर थोडं मोरचूद तसंच मोकळं राहतं. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील आहे, म्हणून ते तांब्याला सल्फेटपासून हाकलून त्याची जागा घेतं.

लोह + कॉपर सल्फेट → लोह सल्फेट + तांबं

एकाने दुसऱ्याला उठवलं आणि स्वतः बसला, हे विस्थापन. सुटं झालेलं तांबं पात्यावर दिसतं. असं मोकळं मोरचूद राहिलं तर पानं करपतात, म्हणून परीक्षा महत्त्वाची. बोर्डो मिश्रण लोखंडी पिंपात करू नये असं सांगतात, त्याचंही कारण हेच. पिंपच अभिक्रियेत उतरतं.

उलट करून पाहिलं, तांब्याची तार लोह सल्फेटच्या द्रावणात ठेवली, तर काहीच होत नाही. कमी क्रियाशील धातू जास्त क्रियाशील धातूला उठवू शकत नाही.

आंबट माती, आंबट रस: उदासिनीकरण

चुना आम्लारी आहे. जिथे आम्ल जास्त, तिथे त्याचा उपयोग होतो. कोकण-गोव्याची जांभ्याची माती आम्लधर्मी असते, म्हणून शेतात चुना टाकायला सांगतात. उसाचा ताजा रस किंचित आम्लधर्मी असतो. गुऱ्हाळात आणि साखर कारखान्यात त्यात चुना घालतात, त्यामुळे आम्लता कमी होते आणि मळी वेगळी व्हायला मदत होते.

आम्ल + आम्लारी → क्षार + पाणी

हे उदासिनीकरण. जोड्यांची अदलाबदल इथेही होते, म्हणून हा दुहेरी विस्थापनाचाच एक प्रकार मानतात. चिंचेने तांब्याचं भांडं लख्ख होतं त्याचंही उत्तर इथेच आहे. भांड्यावरचा काळपट थर तांब्याच्या ऑक्साइडचा, म्हणजे आम्लारी, आणि चिंच आम्ल.

भिंतीवरच्या चुन्याची अभिक्रिया कोणत्या खान्यात टाकायची, असं एखादा हुशार विद्यार्थी विचारेल. कार्बन डायऑक्साइड आम्लधर्मी वायू आहे आणि चुना आम्लारी. म्हणून तिला उदासिनीकरणाच्या शेजारी बसवता येतं. प्रत्येक अभिक्रिया एकाच खान्यात चपखल बसेल असं नाही, हेही मुलांना सांगायला हवं.

भट्टीतला कोळसा आणि गंजलेला विळा: ऑक्सिडीकरण

भट्टीत चुनखडी फुटत होती तेव्हा खाली कोळसा जळत होता. कार्बनला ऑक्सिजन मिळून कार्बन डायऑक्साइड होत होता. पदार्थाला ऑक्सिजन मिळणं म्हणजे ऑक्सिडीकरण. कोळसा ते झपाट्याने करतो, विळा हळूहळू. पावसाळ्यात कोपऱ्यात पडलेल्या विळ्यावर गंज चढतो, त्याला ऑक्सिजनबरोबर ओलही लागते. किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेमुळे गंज आणखी लवकर येतो.

याच्या उलट, पदार्थातून ऑक्सिजन काढून घेणं म्हणजे क्षपण. खनिजापासून लोखंड मिळवतात ते क्षपणाने.

कोणत्या पुस्तकात कोणतं नाव?

आता शब्दांकडे. घरी मराठीत समजावून झालं की मुलाच्या पुस्तकातला शब्द त्यापुढे ठेवायचा.

- संयोग: हिंदीत संयोजन, गुजरातीत संयोगीकरण, कन्नडमध्ये संयोगच, इंग्रजीत कॉम्बिनेशन.
- अपघटन: हिंदीत वियोजन, गुजरातीत विघटन, कन्नडमध्ये विभजन, इंग्रजीत डिकॉम्पोझिशन.
- विस्थापन: हिंदी आणि गुजरातीत हाच शब्द, कन्नडमध्ये स्थानपल्लट, इंग्रजीत डिस्प्लेसमेंट.
- दुहेरी विस्थापन: हिंदी आणि गुजरातीत द्विविस्थापन, कन्नडमध्ये द्विस्थानपल्लट, इंग्रजीत डबल डिस्प्लेसमेंट.
- उदासिनीकरण: हिंदीत उदासीनीकरण, गुजराती आणि कन्नडमध्ये तटस्थीकरण, इंग्रजीत न्यूट्रलायझेशन.
- ऑक्सिडीकरण आणि क्षपण: हिंदीत उपचयन आणि अपचयन, कन्नडमध्ये उत्कर्षण आणि अपकर्षण, इंग्रजीत ऑक्सिडेशन आणि रिडक्शन.
- ऊष्मादायी आणि ऊष्माग्राही: हिंदीत ऊष्माक्षेपी आणि ऊष्माशोषी, कन्नडमध्ये बहिरुष्णक आणि अंतरुष्णक, इंग्रजीत एक्झोथर्मिक आणि एंडोथर्मिक.

सर्वांत जपायचा शब्द 'क्षार'. मराठी आणि गुजराती पुस्तकांत क्षार म्हणजे सॉल्ट. हिंदीत क्षार म्हणजे अल्कली, सॉल्टला लवण. हैदराबादेत तेलुगू पुस्तक असेल तर तिथेही क्षार म्हणजे बेस आणि सॉल्टला लवण. कन्नडमध्ये आम्लारीला 'प्रत्याम्ल' आणि सॉल्टला 'लवण'. गंमत अशी की मराठी स्वयंपाकघराने दुसरा अर्थही सांभाळून ठेवलाय. पापडखार हा 'खार' असला तरी गुणाने आम्लारीच आहे.

घरी काय करावं, काय करू नये

घरी दोन प्रयोग बिनधास्त करता येतात. लिंबाच्या रसात खायचा सोडा टाकून बुडबुडे पाहावेत. हळदीच्या पाण्यात भिजवलेला कागद वाळवून त्यावर साबणाचं पाणी टाकावं. तो लालसर होतो, आणि वरून लिंबू पिळलं की परत पिवळा. हळद हा घरचा दर्शक आहे. मोरचूद विषारी आहे, त्यामुळे खिळ्याचा प्रयोग शाळेतच, शिक्षकांसमोर करावा.

कळीच्या चुन्यात मुलांनी पाणी घालू नये. पानाच्या चुन्याची पुडीही खेळायला देऊ नये. दाबताना ती फुटून चुना डोळ्यात उडतो आणि त्याने दृष्टी जाऊ शकते. तसं झालंच तर स्वच्छ वाहत्या पाण्याने लगेच आणि किमान १५ ते २० मिनिटं डोळा धुवावा, चुन्याचे कण निघतील असं पाहावं आणि थेट डॉक्टरांकडे जावं. 'चुना आम्लारी, मग लिंबू पिळून उदासीन करू' हा विचार चुकूनही नको. आम्लाने डोळ्याला आणखी इजा होते आणि उदासिनीकरणातही उष्णता बाहेर पडते.

तसंच संडास धुण्याचं आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नये. ब्लीचिंग पावडरही चुन्यापासूनच, भिजवलेल्या चुन्यावर क्लोरीन सोडून बनवतात. आम्ल पडलं की तो विषारी क्लोरीन वायू पुन्हा बाहेर येतो. बंद न्हाणीघरात हे जिवावर बेतू शकतं.

परीक्षेआधी चार प्रश्न

कोणतीही अभिक्रिया समोर आली की मुलाने स्वतःला चार प्रश्न विचारावेत. आत काय गेलं? बाहेर काय आलं? कोणी कोणाची साथ सोडली आणि कोणाशी जोडी केली? उष्णता घेतली की दिली? उत्तरं आली की प्रकार आपोआप ठरतो. मग त्यापुढे फक्त आपल्या पुस्तकातलं नाव लिहायचं राहतं, आणि 'क्षार' लिहिताना पेपर कोणत्या भाषेचा आहे ते एकदा पाहायचं.